तांदळाच्या कोठीतला कॉम्प्युटर

मामाजी, काल तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माइक माझ्यापुढेही आला होता. मी तो पुढच्या माणसाला देऊन टाकला. लोकांना वाटलं, बिचारीला हुंदका आला असेल. हुंदका नव्हता आला. माझ्या तोंडात जे आलं होतं ते भांडण होतं. आता सासऱ्याच्या फोटोपुढे, पांढऱ्या कपड्यांतल्या एवढ्या पाहुण्यांसमोर सुनेनं भांडायचं कसं?

बाकी सगळे छान बोलले. तुम्ही वादळात खांबावर कसे चढायचे, कोणाच्या लग्नात ऐन वेळी गेलेली लाईन कशी जोडून दिली, कोणत्या साहेबाला तोंडावर काय सुनावलं. तुमच्या जुन्या लाईनमन दोस्तांनी तर हसवून हसवून रडवलं. पण ते सगळे खांबावरच्या माणसाबद्दल बोलत होते. घरातल्या माणसाबद्दल बोलू शकणारी मी एकटीच उरले आहे. म्हणून आज मंडप निघाल्यावर लिहायला बसले. आणि बसले कुठे, तर ज्याच्यावरून आपलं भांडण होतं त्याच कॉम्प्युटरपुढे.

भांडण एवढंच होतं. हा कॉम्प्युटर प्रशांतचा. प्रशांत म्हणजे तुमचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा. तो गेल्यावर तुमचं म्हणणं होतं, हा आता सुजाताचा. माझं म्हणणं होतं, नाही, हा त्याचाच. तुम्हाला वाटायचं मी याच्यावर कमवावं, स्वतःच्या नावानं उभं राहावं. मला वाटायचं, या घरात त्याचं म्हणून काहीतरी सुरू राहावं. दोघांपैकी कोणीच हटलं नाही. आणि तुम्ही भांडण अर्धं टाकून उठून गेलात, हे काही बरं केलं नाही.

तो आणला तेव्हाचं आठवते? दोन हजार दहा साल असेल. प्रशांत लग्नाचे अल्बम करायचा. नवरा-नवरीचे फोटो बदामात बसवायचे, पाठीमागे कधी न पाहिलेला धबधबा लावायचा, छापून आल्यावर वरून हातानं चमकी मारायची. त्याचा जुना कॉम्प्युटर मोठे फोटो उघडता उघडता दमून बंद पडायचा. एक दिवस तो हे नवीन धूड घेऊन आला. ऑल-इन-वन. तुम्ही त्याच्याभोवती एक चक्कर मारली, मग टेबलाखाली वाकून पाहिलं.

"डबा कुठं हाय याचा? दुकानदारानं अर्धाच देला का?"

"बाबा, याला डबा नसतोच. सगळं पडद्याच्या पाठीतच हाय."

"मंग बिघडला का खोलाचा कुठून?"

घरात येऊन तासही झाला नव्हता, आणि तुमची खोलायची बात! प्रशांत पोट धरून हसला. तुम्ही रागावून व्हरांड्यात गेलात आणि तिथून ओरडलात, "खोलता येत नाही तं इकत कायले घेतला?" मी चहा गाळत होते. इतकं हसले की चहा ओट्यावर सांडला. त्या घरात तेव्हा तीन माणसं होती आणि हसू चौघांचं असल्यासारखं यायचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, पण तुम्ही दोघं बापलेक त्यांची उणीव भासू द्यायचे नाही.

पुढच्याच वर्षी तिरोड्याकडून एका लग्नाचं काम आटोपून येताना प्रशांतची गाडी रस्त्यात पडली. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. इथंही लिहीत नाही.

मी माझ्या रुखवतातला भरतकामाचा रुमाल त्या कॉम्प्युटरवर टाकला. तुम्ही पाहिलंत, तो तसाच राहू दिलात.

मग माझा दादा आला, बोदलकशाकडून, गाडी करून. म्हणाला, बहिणीला घेऊन जातो, पुढचं पुढे पाहू. पुढचं म्हणजे दुसरं लग्न, ते सगळ्यांना समजलं. तुम्ही बाजेवर बसून होता. वर न पाहता म्हणालात, "मले काऊन विचारतं? ते का माहं सामान हाय? तिले विचार." दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, राहते. का राहते, ते मलाही तेव्हा धड सांगता आलं नसतं. पण शाळा सोडवताना, लग्न ठरवताना, कोणी मला विचारलं नव्हतं. तुम्ही विचारायला लावलं. तुमचे उपकार कुठून मोजायचे म्हटलं तर मी इथून सुरू करीन.

मी मराठी टायपिंग शिकले, गोंदियात एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागले. रोज सकाळी स्कूटी काढली की तुमचं सुरू. "घरी मशीन असून लोकाइच्या दुकानात टाइप कराले जातं. शोभते का?"

"मग काढू का रुमाल?"

"काढशीन. घाई काय हाय?"

म्हणजे बोलायचं तुम्हीच, आणि मी रुमालाच्या कोपऱ्याला हात लावला की चप्पल घालून बाहेर निघायचं तेही तुम्हीच. मला राग यायचा. पण खरं सांगते, मामाजी, तुम्ही बाहेर गेलात की मीही तो कोपरा सोडून द्यायचे.

त्या रुमालाचा निकाल शेवटी टिनाच्या छतानं लावला. पोळ्याच्या आसपासचे दिवस. तुमची शुगर दाखवायला आपण दवाखान्यात गेलेलो. आलो तर गळती नेमकी टेबलावर. रुमाल पिळण्याइतका ओला, आणि पाणी कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या फटींतून आत. तुम्ही दारातच थांबलात. तुमचा चेहरा तसा मी एकदाच आधी पाहिला होता.

आणि मग मी माझी अक्कल काढली. झेरॉक्सच्या दुकानात ऐकलं होतं, भिजलेला मोबाइल तांदळात ठेवला की तांदूळ पाणी ओढून घेते. मी म्हणाले तसं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "मंग ठेव ना!" मी म्हणाले, मोबाइल डब्यात मावते, हा कशात मावणार? तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या टिनाच्या कोठीकडे पाहिलं. आपण धानाच्या मुलखातली माणसं. तांदळाला काय तोटा! मिलमधून नुकताच आलेला तांदूळ, कोंड्यासकट. अर्धी कोठी चादरीवर उपसली, कॉम्प्युटर आत उभा केला आणि वरून तांदूळ ओतत गेलो, पार त्याची वरची कड तेवढी दिसेपर्यंत. कोणत्याही शहाण्या माणसानं त्याला पुसून पंख्याखाली ठेवला असता. आपण त्याला धान्यासारखा भरून ठेवला.

मग कितीतरी दिवस आपण त्याच्याच बाजूनं वाटी घालून स्वयंपाकाला तांदूळ काढत होतो. जेवताना तुम्ही म्हणायचे, "भाताले कॉम्प्युटरचा वास येऊन राहिला," आणि पुन्हा वाढायला सांगायचे. कधी कधी तांदूळ काढायला तुम्हीच उठायचे. तुमचा हात त्याच्या कडेला लागायचा आणि तिथंच थांबायचा. मी चुलीकडे तोंड करून उभी राहायचे. मला दिसत होतं ते तुम्हाला कळू नये म्हणून.

बाहेर काढला तर तो सळसळला! हलवला की आत तांदूळ वाजायचा. फटीतून तांदळातला एक सोंडा किडा ऐटीत बाहेर आला आणि टेबलावरून चालत गेला. मला हसू फुटलं. मी वायर लावायला गेले तर तुम्ही माझा हात धरला.

"करंट सोडाचा नाही. आंदी पानी गेलं, मंग तांदूळ गेला. आता करंट गेला तं माहा पोरगा जळन."

तुम्हाला मशीन म्हणायचं होतं. मी वायर गुंडाळून ठेवली आणि तो तसाच, पोटात तांदूळ घेऊन, टेबलावर पडून राहिला.

पुढे झेरॉक्सवाल्यानं माझ्या खुर्चीवर आपल्या साळ्याला बसवलं. भल्या दुपारी मी घरी परत आले. तुम्ही विचारलं नाही काय झालं. तोंडावरूनच वाचलं असेल. मी हातपाय धुतले, येऊन बसले, आणि एकदम पंखा बंद पडला. पाहते तर तुम्ही मीटरच्या बोर्डातून फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकून राहिले.

"चाल," म्हणालात. "खोलू."

तो तुमचा लाईनमनचा नियम. काम करणाऱ्यानं फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे खाली कोणी शहाणा येऊन बटन दाबणार नाही. मी म्हटलं, "अहो मामाजी, याची वायरच काढलेली आहे. घराचा पंखा कशाला बंद?" तुम्ही म्हणालात, "तू खांबावर चढली हायस का कधी?" त्या गरमीत आपण दोघं घामानं निथळत कॉम्प्युटर खोलत होतो, ज्याला करंटच नव्हता.

गोधडीवर त्याला पालथा झोपवला. तुम्ही खडूनं फरशीवर त्याच्या पाठीचं चित्र काढलं, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रात तिथंच ठेवला. मी म्हणाले, वाटीत टाकू सगळे. तुम्ही असं पाहिलंत की मी वाटी परत नेली. बरं झालं, कारण एक स्क्रू लांब आणि त्याच्या शेजारचा आखूड. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला असता तर सरळ पडद्यात घुसला असता. स्टँडखाली रबराच्या टोपीत लपलेला एक स्क्रू तर मला बोटानं चाचपडत सापडला. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा खूश झालात. "नजर हाय तुही," म्हणालात. माझ्या सासरी झालेलं ते माझं सगळ्यात मोठं कौतुक. हसू नका.

पाठ तरी निघेना. कडेकडेनं आतून अडकवलेली. पेचकसानं उचकली तर ओरखडा पडायचा. तेव्हा तुम्ही पाकिटातून पेन्शनचं एटीएम कार्ड काढलं. त्या कार्डानं तुम्ही जन्मात कधी पैसे काढले नाहीत, पण फटीत घालून सरकवायला ते एकदम बरोबर आलं. कट्ट. कट्ट. प्रत्येक आवाजाला मी डोळे मिटत होते, मोडलं आता, मोडलं. शेवटी कार्डच मोडलं. मागाहून बँकेत तुम्ही सरळ सांगून आलात, "कॉम्प्युटरनं खाल्लं."

पाठ उचलली आणि गोधडीवर तांदूळ सांडला. पंख्यात कोंडा घट्ट बसलेला. आणि त्या कोंड्यात, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यात चमकी. प्रशांतच्या अल्बमची चमकी. तो इथं बसून काम करायचा आणि पंखा ती आत ओढून घ्यायचा, हे आपल्याला कुठून माहीत असणार? लाल, सोनेरी, हिरवी. तुम्ही बोट लावलं तर बोटाला चिकटली. तुम्ही ते बोट पुसलं नाही. तसेच मांडीवर हात ठेवून बसून राहिलात. मी रडले, तोंड पदरात खुपसून रडले. तुम्ही रडला नाहीत. मला तेव्हा तुमचा रागच आला होता, असा कसा हा माणूस. आता वाटते, तुम्ही रडला असता तर त्या दिवशी काम पुढे गेलं नसतं, आणि तुम्हाला काम पुढे न्यायचं होतं.

बऱ्याच वेळानं म्हणालात, "दाढीचा ब्रश आन माहा."

त्या ब्रशानं तुम्ही पंखा झाडला. काढलेल्या प्रत्येक तारेला आणि ती जिथून काढली त्या जागेला माझ्या शिवणाच्या डब्यातला एकेका रंगाचा दोरा बांधला. लालची लालला, पिवळ्याची पिवळ्याला. ते दोरे अजून आत आहेत.

मग बाजार. मेमरी वाढवायची, नवीन वेगवान डिस्क टाकायची, हे मी दुकानात पाहून पाहून शिकलेले. पण टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणून तुम्ही टेबलावरच्या कॉम्प्युटरची मेमरी घेऊन आलात. ती वीतभर लांब. आतली जागा बोटाएवढी. दुसऱ्यांदा तुम्ही जुनी मेमरीच काढून रुमालात बांधून नेली, नळाचा वायसर नेतात तशी. दुकानदार हसला म्हणे, "अंकल, इसमें तो लॅपटॉप वाली लगेगी. पहले बताना था ना!" आणि तुम्ही त्याला सुनावून आलात, "पहले पूछना था ना!"

इकडे मी खोललेल्या कॉम्प्युटरजवळ अंधारून येईपर्यंत बसलेली. दिवा नाही, पंखा नाही, मिक्सर नाही. फोन केला, "मामाजी, फ्यूज!"

"माह्या खिशात हाय. म्हनूनच तू जिती हाय!"

बाजारातल्या गर्दीत तुम्ही हे ओरडून सांगितलं असणार. फोन स्पीकरवर होता, तुमचं बोलणं ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या, कोणाला करंट लागला म्हणून.

नवीन डिस्क लहान, जुनीच्या जागेत खुळखुळायची. तुम्ही अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून तिला बसवून दिलं. पाठ लावली, सगळे स्क्रू आपापल्या जागी गेले, फरशीवर फक्त खडूचं चित्र राहिलं. तुम्ही फ्यूज लावला. मी बटन दाबलं. तो सुरू झाला, मामाजी! मी टाळ्याच वाजवल्या. तुम्ही हात जोडले, पण कोणाला ते सांगितलं नाही.

सगळी सिस्टीम नव्यानं टाकायची होती. टाकता टाकता त्यानं विचारलं, कोण वापरणार? नाव सांगा.

"काय मांगून राहिला तो?" तुम्ही बाजेवरून.

"नाव."

"मंग टाक ना. सुजाता."

मी प्रशांत टाकलं. तुम्ही चष्मा लावून जवळ आलात, इंग्रजी अक्षरं एकेक जुळवली.

"तो वापरनार हाय का?"

"राहू द्या ना त्याचं नाव."

"पोरगा माहा होता. मले दुखत नाही का? पन तो येऊन टाइप करनार नाही. मेहनत तुही अन् नाव त्याचं, काऊन?"

"मला बरं वाटते म्हणून."

"बरं वाटासाठी नाही खोलला म्या. तुह्या पोटासाठी खोलला!"

आणि चप्पल. बाहेर. त्यानंतर बरेच दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोललात. मीही माझा हट्ट धरला. मी काही कमी आहे का? कोणत्या माणसाच्या घरात राहिले आहे!

जुन्या डिस्कमधले फोटो मी नवीन डिस्कवर उतरवून घेतले. तुम्ही विचारलं, "निघाले?" मी म्हणाले, सगळे. "बस," म्हणालात. एकही पाहिला नाहीत. इतक्या वर्षांत कधीच नाही. मी एकदा त्याचा हसरा फोटो मोठा करून ठेवला होता, तुम्ही येण्याच्या वेळेला, मुद्दाम. तुम्ही पाठ फिरवून पाणी प्यायला गेलात. का पाहत नव्हता? मला विचारायचं होतं. घाबरले, की विचारलं तर तुम्ही खरं सांगाल.

मग समोरच्या खोलीत टेबल लागलं. स्कॉलरशिपचे फॉर्म, दाखल्यांचे अर्ज, वकिलांचं टायपिंग, कोणाच्या बारशाचं कार्ड. आपल्या कुडव्यात पत्ता सांगताना लोक म्हणायचे, लाईनमनच्या सुनेकडे जा. रोज सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर मोठं नाव यायचं, आणि बाजेवरून तुमचा आवाज.

"आले का प्रशांत साहेब ड्युटीवर?"

सुरुवातीला ते ऐकलं की मी उठून आत जायचे. मग सवय झाली. मग तर तुम्ही म्हणाला नाहीत तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही. मी म्हणायचे, "आले, तुम्ही चहा घेता का विचारून राहिले." तुम्ही म्हणायचे, "मॅडम लय राबते म्हना त्याइले."

एकदा एक गिऱ्हाईक बाई पडद्यावरचं नाव वाचून तुम्हाला विचारत होती, "अंकल, प्रशांत भैया कब मिलेंगे?" मी आत होते. कान तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, "वो नहीं मिलेंगे. जो है सो मॅडम है. काम वोही करती." मी बाहेर आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं. बोलला नाहीत, पण मला ऐकू आलं. तरी मी नाव बदलवलं नाही.

आणि दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, नाकात नळी, बोलताना दम लागायचा. लोकांना वाटे सासरा सुनेला काय निरवानिरव सांगून राहिला. तुम्ही विचारत होता, "नाव बदलवलं?"

"नाही. तुम्ही घरी चला. तुमच्यासमोर बदलवते."

"माह्यासमोर कायले? तुले हात नाहीत?"

"तुमच्यासमोरच!" मी जोरात म्हणाले. नर्सनं वळून पाहिलं. मला वाटलं, भांडण बाकी ठेवलं तर माणूस भांडायला तरी परत येईल. तुम्ही भिंतीकडे तोंड केलं. आपलं बोलणं तिथं संपलं, मामाजी. तुमचा हात माझ्या हातात होता, पण बोलणं तिथं संपलं.

कालचं सांगते आता. कार्यक्रम झाला, जेवणं झाली. तुमचा पुतण्या विलास समोरच्या खोलीत फिरत होता. म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर आता माहेरी जाल. प्रशांतचा हा कॉम्प्युटर मी घेऊन जातो. पोराले कॉलेजात कामी येईल." माणूस वाईट नाही. त्याला वाटलं, विधवा बाई, सासराही गेला, आता हिचं इथं काय? मी म्हणाले, "भाऊजी, हा माझा आहे. याच्यावर माझं पोट आहे." त्यानं हसत बटन दाबलं. पडद्यावर नाव आलं.

"पाहा, प्रशांतचंच नाव येऊन राहिलं. घरचाच तं माल आहे."

खोलीत पाहुणे होते. दादाही होता. सगळे पडद्याकडे पाहत होते आणि मग माझ्याकडे. तुम्ही इतकी वर्षं माझ्याशी कशासाठी भांडत होता ते मला तिथं, उभ्या उभ्या समजलं. तुम्हाला माणसं माहीत होती. तुम्हाला माहीत होतं, एक दिवस तुम्ही बाजेवर नसाल आणि कोणीतरी येऊन हेच म्हणेल.

मग माझं डोकं फिरलं. मी आतून पेचकस आणला आणि त्याच्या हातात दिला.

"तुमच्या घरचा आहे ना? मग खोलून दाखवा. कोणता स्क्रू लांब, कोणता आखूड, लपलेला कुठं, सांगा. कोणती तार कोणत्या रंगाच्या दोऱ्यानं बांधली ते सांगा. सांगितलं तर घेऊन जा."

विलास पेचकस धरून उभा राहिला. कोपऱ्यातून तुमचे एक दोस्त, म्हातारे लाईनमन, म्हणाले, "फ्यूज काढू का वो बाई?" सगळे हसले. विलासही हसला, ओशाळून, आणि पेचकस टेबलावर ठेवला. दादा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "राहा इथंच." विचारलं नाही, पण चालेल. तो शिकेल.

आज मंडप निघाला. हे लिहायला बसायच्या आधी मी ते काम केलं. सेटिंगमध्ये गेले, त्याचं नाव निवडलं, ते निळं झालं. बोट तिथंच अडून राहिलं. किती रडले ते सांगत नाही, तुम्ही म्हणाल रडासाठी नाही खोलला म्या. मग पुसलं. माझं टाकलं, मराठीत, तुम्हाला अक्षरं जुळवावी लागू नयेत म्हणून. बंद करून पुन्हा सुरू केला.

सुजाता असं आलं, पडदाभर. घरात ते वाचायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं.